आडवी बाटली आणि घरपोच वाईन

वाईन ही दारू आहे की नाही, या प्रश्नावर 2022 च्या प्रारंभी महाराष्ट्रात मोठे रणकंदन झाले. 27 जानेवारी 2022 रोजी तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटर किंवा त्याहून अधिक क्षेत्रफळाच्या सुपर मार्केटमध्ये स्वतंत्र कपाट ठेवून वाईन विकण्यास मान्यता दिली. द्राक्ष उत्पादकाच्या हितासाठी हा निर्णय असल्याचे सांगण्यात आले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षात असलेल्या भारतीय जनता पक्षाने महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होऊ देणार नाही असे बजावले आणि अखेर सरकारने जनतेच्या हरकती मागवल्या. निर्णय प्रत्यक्षात उतरण्यापूर्वीच जून 2022 मध्ये ते सरकार गेले. वाद शमला, प्रश्न मात्र सुटला नाही. कारण तो प्रश्न वाईन दारू आहे की नाही, एवढ्यापुरता कधीच नव्हता. मादक पेय समाजात कोणत्या वाटेने येणार आणि त्या वाटेवर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला राहणार, हा खरा प्रश्न आहे.

ही वाट गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलते आहे. पूर्वी दारू दुकानातच मिळत असे आणि ते दुकान कोठे असावे याबद्दल समाजाची काही मर्यादा होती. मग ती किराणा आणि बिस्किटांच्या शेजारच्या कपाटात आणण्याचा विचार पुढे आला. आता तिसरी पायरी आहे ती घरपोच पोहोचवण्याची. कोरोनाच्या टाळेबंदीत, 8 मे 2020 रोजी, दुकानांपुढील झुंबड टाळण्यासाठी राज्यांनी घरपोच विक्रीचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुचवले आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राने परवानाधारक दुकानांना ग्राहकाच्या घरी मद्य पोहोचवण्याची मुभा दिली. पश्चिम बंगाल आणि ओडिशा या राज्यांनीही तोच मार्ग धरला. आपत्काळात दिलेली सवलत आपत्काळ सरल्यावर ‘सोय’ म्हणून मागितली जाते, हा जगाचा अनुभव आहे. जेवणाचे डबे आणि भाजीपाला दारापर्यंत आणणाऱ्या कंपन्यांना बिअर आणि वाईनही पोहोचवू द्यावी, अशी चर्चा 2024 मध्ये अनेक राज्यांच्या संदर्भात झाली. वाईन उत्पादकांचा युक्तिवाद त्याच्याही पुढचा आहे. मधले दुकान कशाला, कारखान्यातून थेट ग्राहकाच्या घरी पेटी का जाऊ नये, असे तो विचारतो.

या युक्तिवादाची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आखले, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारले. पुढे वाईनवर आकारल्या जाणाऱ्या वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्के उद्योगाला परत देण्याची योजना आली आणि 2024 च्या जानेवारीत राज्य सरकारने ती पुढेही चालू ठेवण्याचे ठरवले. या पाठबळावर नाशिक हे देशातील वाईन उद्योगाचे केंद्र बनले. तरीही लहान उत्पादकाची अडचण खरी आहे. त्याच्याकडे जाहिरातीचे बळ नाही, घाऊक विक्रेता त्याचा माल ठेवत नाही आणि प्रत्येक राज्याचा परवाना, लेबल, शुल्क यांचे जंगल तो एकटा तुडवू शकत नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार मद्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे नाशिकच्या बाटलीला शेजारच्या राज्यात जाणे परदेशी जाण्याइतकेच अवघड होऊन बसते.

अमेरिकेत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिशिगन आणि न्यूयॉर्क ही राज्ये आपल्या हद्दीतील वाईन कारखान्यांना ग्राहकाच्या घरी थेट माल पाठवू देत आणि बाहेरच्या राज्यांतील कारखान्यांना मात्र अडवत. मे 2005 मध्ये ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडील वाईनप्रेमी या निकालाचा दाखला आवडीने देतात. पण निकालानंतर काय घडले ते सांगत नाहीत. न्यायालयाने राज्यांचा मद्यावरील नियंत्रणाचा अधिकार काढून घेतला नव्हता. आपला आणि परका असा दुजाभाव करू नका, एवढेच बजावले होते. त्यानंतर बहुतेक राज्यांनी थेट विक्रीला परवानगी दिली, ती अटींसह. पाठवणाऱ्याने राज्याचा परवाना घ्यावा, कर त्या राज्यात भरावा, वर्षाला ठराविक मर्यादेपलीकडे माल पाठवू नये, पेटीवर मद्य असल्याचे ठळक लिहावे आणि सज्ञान व्यक्तीच्या सहीशिवाय ती कोणाच्याही हाती देऊ नये. शिवाय अनेक ठिकाणी आणखी एक अट आहे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जेथील लोकांनी मतदान करून आपला परिसर दारूमुक्त ठेवला आहे, तेथे अशी पेटी पाठवता येत नाही. बाजारपेठेचा आदर्श म्हणून ज्या देशाकडे बोट दाखवले जाते, त्या देशातही स्थानिक समाजाच्या नकाराला कायद्यात किंमत आहे.

महाराष्ट्रात ती किती आहे, याचे उत्तर मुंबई-नाशिकहून नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीहून शोधावे लागेल. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. द्राक्षाचा वेल येथे नाही. कापूस, तूर, सोयाबीन ही येथील पिके. मुकुटबनच्या परिसरात सिमेंट उद्योग आला. पण तालुक्याचा मोठा भाग आजही जंगल आणि कोरडवाहू शेती यांवर जगतो. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना अतिदुर्बल जनजातींत होते, त्यांपैकी कोलाम समाजाचे पोड या भागात विखुरलेले आहेत. कोलाम आणि गोंड बांधवांच्या जीवनात मोहाच्या झाडाचे स्थान मोठे आहे. मार्च-एप्रिलमध्ये शेतीत काम नसते, तेव्हा पहाटे उठून बायाबापड्या मोहफुले वेचतात. ती वाळवून खाल्ली जातात, विकली जातात, बियांचे तेल काढले जाते आणि देवकार्यात मोहाची दारूही वाहिली जाते. आपल्या परंपरेत मद्य नव्हतेच, असे सांगण्यात अर्थ नाही. परंपरेत ते होते. पण सण, देव आणि ऋतू यांच्या मर्यादेत बांधलेले होते. स्मृतिकारांनी सुरापानाला महापातकांत बसवले आणि वनवासी समाजाने मद्याला देवाच्या ओट्यापाशी थांबवले. दोन्हींमागे संयमाचीच बुद्धी होती.

आता कायद्याने या दोन फळांशी कसा व्यवहार केला ते पाहावे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या चौकटीत मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर कडक निर्बंध आले. जंगलातून वेचलेले फूल बाजारात नेणारा वनवासी अनेक वर्षे संशयाच्या नजरेखाली राहिला. हे निर्बंध उठवण्याचा निर्णय राज्याने घेतला तो 2021 मध्ये. याउलट द्राक्षाला 2001 पासून स्वतंत्र धोरण, शुल्कमाफी, औद्योगिक भूखंड आणि कराचा परतावा मिळाला. पोडावर मोहाची दारू गाळली की गुन्हा. कारखान्यात द्राक्षाची वाईन केली की उद्योग. एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले, काजूबोंडे यांपासूनच्या मद्याला अधिक प्रतिष्ठेचा वर्ग देण्याचे ठरवले, तेव्हा त्या वर्गाचे नाव होते ‘विदेशी मद्य’! झरीच्या जंगलातील फुलाला मान मिळवण्यासाठी विदेशी व्हावे लागावे, यातच आपल्या धोरणाची मानसिकता दिसून येते. येथे मोहाच्या हातभट्टीची तरफदारी करण्याचा हेतू नाही. तिने उद्ध्वस्त केलेली घरे थोडी नाहीत. सांगायचे ते इतकेच की ‘शेतकऱ्याचे हित’ हा शब्द उच्चारताना सरकारच्या डोळ्यांपुढे कोणता शेतकरी असतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

द्राक्ष बागायतदाराच्या हिताची कथाही जितकी सांगितली जाते तितकी सरळ नाही. महाराष्ट्रातील बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकवली जातात. वाईनची वाणे वेगळी असतात आणि ती मुख्यतः कारखान्याशी केलेल्या करारावर लावली जातात. 2008 च्या जागतिक मंदीनंतर मागणी घसरली तेव्हा वाईनचे साठे पडून राहिले, अनेक लहान कारखाने बंद पडले आणि शेतकऱ्यांवर वाईनच्या द्राक्षबागा तोडण्याची वेळ आली. नारायणगावच्या ज्या कंपनीने भारतीय वाईनचे नाव परदेशात नेले, तीही त्या लाटेत बुडाली. विक्रीच्या वाटा वाढवल्या की शेतकरी आपोआप तरतो, असे त्या अनुभवातून तरी सिद्ध होत नाही. आणि यवतमाळच्या कापूस उत्पादकाच्या पदरात तर यातून काहीच पडत नाही. त्याच्या दारी उत्पन्न येणार नाही. पेटी तेवढी येईल.

झरी जामणीसारख्या तालुक्यांना कायद्याने दोन ढाली दिल्या आहेत. पहिली पेसा कायद्याची. 1996 च्या या केंद्रीय कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. 2014 मध्ये राज्याने त्याचे नियम केले. तालुक्यातील जी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेथे ग्रामसभेचा शब्द हा केवळ ठराव नाही, तो अधिकार आहे. दुसरी ढाल आडव्या बाटलीची. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातील पंचवीस टक्के महिलांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान हटते. ही अट सोपी नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून, घरातील पुरुषाचा राग ओढवून, दुकानदाराचे दडपण झुगारून बायकांनी रांगेत उभे राहायचे असते. आणि जी आली नाही, तिची अनुपस्थिती दुकानाच्याच पथ्यावर पडते. तरीही महाराष्ट्रात गावोगावच्या महिलांनी ही लढाई जिंकली आहे. यवतमाळ जिल्ह्यात तर ‘स्वामिनी’ आंदोलनाने संपूर्ण जिल्ह्याच्या दारूबंदीची मागणी लावून धरली आणि हजारो महिला रस्त्यावर आल्या.

घरपोच विक्रीचा धोका नेमका येथे आहे. पेसाचा अधिकार काय, आडवी बाटली काय, महामार्गापासून पाचशे मीटरच्या अंतराबद्दल डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल काय, या सगळ्यांचे लक्ष्य दुकान आहे. अंतर मोजायचे ते दुकानापासून, परवाना रद्द करायचा तो दुकानाचा, मतदान घ्यायचे ते दुकानावर. दुकानच उरले नाही, भ्रमणध्वनीवर मागणी नोंदवून शेकडो किलोमीटर दूरच्या गोदामातून पेटी निघाली, तर गावाने मत कोणाविरुद्ध द्यायचे? ग्रामसभेने ठराव कोणाला बजावायचा? ज्या बायकांनी वर्षानुवर्षे झगडून गावाच्या वेशीवरची बाटली आडवी केली, तिला मोटारसायकलवरून थेट उंबरठ्यापर्यंत उभी नेणारी ही व्यवस्था आहे. कायद्यातील एक अक्षरही न बदलता कायद्याने दिलेला अधिकार निष्प्रभ होतो.

2022 च्या निर्णयात दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांना वगळले होते, असे सांगितले जाईल. ते खरे आहे. परंतु ते वगळणे जिल्ह्याच्या पातळीवरचे होते. वर्धा आणि गडचिरोली सुटतात. यवतमाळ सुटत नाही. चंद्रपूर 1 एप्रिल 2015 पासून सहा वर्षे दारूमुक्त होते. मे 2021 मध्ये ती बंदी उठवली गेली आणि ते संरक्षणही गेले. ज्या जिल्ह्यात बंदी नाही तेथे दारूला ‘नाही’ म्हणणारी गावे असू शकतात, हे या आखणीत गृहीतच धरलेले नाही. सुपर मार्केटला निदान शंभर चौरस मीटरची जागा लागते आणि ती झरीला सहजी मिळणार नाही. घरपोच सेवेला तेवढीही लागत नाही.

हा केवळ वनवासी गावांचा प्रश्न आहे, असे शहरातील मध्यमवर्गाने समजू नये. मार्च 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचे दुकान उघडायचे असेल तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील. शहरातील कुटुंबांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकान नको म्हणणाऱ्या त्याच सोसायटीच्या फाटकातून दिवसातून पन्नास खोकी आत जातात. आईवडील दोघेही कामावर, घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी. वाईनसाठी कायद्याने वयाची मर्यादा एकवीस वर्षे ठेवली आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असणेही आवश्यक आहे; एक दिवसाचा परवाना काही रुपयांत आणि आजीव परवाना हजार रुपयांत मिळतो. पण दुकानाच्या गल्ल्यावर जी विचारणा क्वचितच होते, ती दहा मिनिटांत पोहोचण्याची घाई असलेला, खेपेमागे मेहनताना मिळवणारा तरुण दारात उभा राहून करील, यावर कोण विश्वास ठेवील? झरीच्या ग्रामसभेला जो अधिकार हवा आहे, तोच पुण्या-नागपूरच्या सोसायटीलाही हवा आहे. दोघींचा प्रश्न एकच आहे.

वाईन सौम्य असते, आरोग्याला हितकारक असते, हा युक्तिवादही आता टिकणारा नाही. मद्याचे सेवन कितीही अल्प असले तरी ते आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. द्राक्षातून आले म्हणून अल्कोहोलचा गुणधर्म बदलत नाही.

याचा अर्थ वाईन उद्योग बंद करा, असा नाही. संपूर्ण बंदी कागदावर सोपी आणि व्यवहारात कठीण असते, हे बिहारने आणि चंद्रपूरने दाखवले आहे. बंदीबरोबर अवैध धंदा फोफावतो आणि पोलीस यंत्रणा त्यात नासते. पण नियमनाचा अर्थ राज्याच्या महसुलाची व्यवस्था एवढाच नव्हे. जून 2025 मध्ये राज्य सरकारने विदेशी आणि देशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, सुमारे चौदा हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरली. बिअर आणि वाईन मात्र या वाढीतून वगळल्या. तिजोरीची गरज समजण्यासारखी आहे. परंतु राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. मद्याचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या ‘खोडे डिस्टिलरीज’ निकालात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. 2022 मध्ये ज्यांनी ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द उच्चारला, तेच आज सत्तेत आहेत. विरोधी बाकावरून दिलेला शब्द सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर अधिक जड होतो, हलका नव्हे. समविचारी सरकार असल्याने हे सांगण्याचे कर्तव्य कमी होत नाही, उलट वाढते.

म्हणून घरपोच किंवा थेट विक्रीचा कोणताही प्रस्ताव पुढे येण्यापूर्वीच काही गोष्टी नियमांत लिहिल्या गेल्या पाहिजेत. ज्या गावाने वा प्रभागाने आडवी बाटली निवडली आहे आणि ज्या ग्रामसभेने पेसाखाली नकार दिला आहे, तेथील पत्त्यावर मद्य पोहोचवणे हाच गुन्हा मानला जावा आणि त्याची जबाबदारी पोहोचवणाऱ्या मजुरावर नव्हे, विकणाऱ्या कंपनीवर असावी. अशा गावांची आणि प्रभागांची यादी उत्पादन शुल्क विभागाने ठेवावी. तो पत्ता टाकताच मागणी नाकारली जाईल अशी योजना आजच्या तंत्रज्ञानाला अवघड नाही. जी यंत्रणा झरीच्या पिनकोडवर चपलांचा जोड अचूक पोहोचवू शकते, ती त्याच पिनकोडवरील मागणी नाकारूही शकते. गृहनिर्माण सोसायटीलाही तोच नकाराधिकार मिळावा. वय आणि परवाना यांची तपासणी दारात, ओळखपत्र पाहून व्हावी. ती झाली नाही तर परवाना कायमचा जावा. आणि द्राक्षासाठी ज्या सवलती आहेत, त्यांच्या तोलाचे पाठबळ मोहफुलांच्या अन्न आणि औषधी उपयोगाला मिळावे, म्हणजे झरीच्या जंगलातील बाईला फुले विकण्यासाठी भट्टीवाल्याचे दार गाठावे लागणार नाही.

सरकारकडून हे करवून घेण्याचे काम समाजाचे आहे. पेसाखालील आपला अधिकार सर्वच ग्रामसभांना पुरता ठाऊक असेल असे नाही. आडव्या बाटलीचा अर्ज कसा करायचा, हे सर्वच बचत गटांना माहीत असेल असेही नाही. वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने या दोन कागदांची ओळख प्रत्येक पोडावर करून देणे, हे शंभर व्यसनमुक्ती व्याख्यानांहून मोलाचे ठरेल. शहरातील कुटुंबानेही आपल्या सोसायटीच्या पुढील सभेत हा विषय मांडावा. बाटली मैफलीत शोभून दिसते की नाही, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. पण ती आपल्या गावाच्या वेशीतून आत येऊ द्यायची की नाही, हे ठरवण्याचा गावाचा हक्क कोणत्याही व्यापारी सोयीपेक्षा मोठा आहे आणि तो एकदा निसटला तर पुन्हा मिळवण्यासाठी त्याच बायकांना पुन्हा तेवढीच वर्षे रांगेत उभे राहावे लागेल.